उत्तराची जागा

मुकादमांच्या खोलीत फिल्म चालू असताना हसायला बंदी होती. तिथे दाखवल्या जात त्या सगळ्या फिल्म विनोदी होत्या आणि बंदी त्यांच्यासाठीच होती. नव्या माणसाला दारातच सूचना मिळे. "पहिल्या वेळेला हसायचा नाय. मी मोजतोय. दुसऱ्या वेळेला पाहिजे तेवढा हसा."

खोली दोह्याच्या अल मुंतझा भागात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खाली लाँड्री आणि करक चहाचं दुकान. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं की तीनच्या सुमाराला सहा-सात माणसं तिथे चटईवर येऊन बसत. मुकादम एकटे खुर्चीवर. उजव्या हातात स्टॉपवॉच, मांडीवर हजेरीपटाचा कोरा कागद. फिल्म सात-आठ मिनिटांत संपे. मग ते कागदावरचे आकडे वाचून दाखवत. "पहिला थांबा दोन सेकंद. दुसरा तीन. तिसरा दीड. इथे माणूस घाबरला." त्यानंतर फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावत आणि तेव्हा हसायला परवानगी असे. स्वतः मुकादम दोन्ही वेळा हसत नसत.

अब्दुल्ला मुकादम रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे. बायको-मुलं गावीच होती. इथे ते इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये टाइमकीपर होते. कंपनीच्या बसमधून माणसं उतरली की प्रत्येकाची वेळ रजिस्टरात लिहायची, सुटताना पुन्हा लिहायची, एवढं काम. ते त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल पेन वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "लाल दिसला म्हणजे पुरे. वापरायला लागत नाय."

फिल्म त्यांच्याकडे आल्या त्या योगायोगाने. वर्कशॉपमधला एक अमेरिकन इंजिनियर नोकरी सोडून गेला आणि जाताना व्हिडिओ कॅसेटचा एक खोका ऑफिसात टाकून गेला. तो फेकून द्यायचं काम मुकादमांकडे आलं. त्यांनी आधी एक कॅसेट लावून पाहिली. बोलपट नुकते आले तेव्हाच्या या छोट्या अमेरिकन फिल्म होत्या. बहुतेकांत दोनच माणसं, मागे रंगवलेला पडदा. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. एखादं गाणं, दोन पावलं नाच, टोपी उचलायची, संपलं. मुकादमांचं इंग्रजी तेव्हा वर्कशॉपपुरतं होतं. निम्मे विनोद त्यांना कळले नाहीत. पण त्यांना दुसरंच काही दिसलं, आणि ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"बघा, हा थांबला," ते पडद्याकडे पेन रोखून म्हणत. "कोणासाठी थांबला? समोर तर कोण नाय."

पुढे त्यांनी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं आणि त्यांचा तर्क बरोबर निघाला. अशा जोड्या वर्षानुवर्षं गावोगावच्या नाटकगृहांत तीच आठ-दहा मिनिटं करत फिरायच्या. कुठल्या वाक्याला किती हशा येतो हे त्यांच्या अंगात मुरलेलं असे. मग आवाज पकडणारा कॅमेरा आला. स्टुडिओत मायक्रोफोन फुलदाणीत लपवलेला आणि कॅमेरा त्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून पेटीत कोंडलेला. हसू रेकॉर्ड होईल या धास्तीने सगळे तोंड मिटून उभे. त्या जोड्यांना जन्मात पहिल्यांदा हशाशिवाय काम करावं लागलं. काही घाबरून धावत सुटल्या. काहींनी हशा आठवून तेवढा वेळ थांबायचं ठरवलं. मुकादम मोजत ते हे थांबे.

"वीस वर्षं पुरवलेला काम आठ मिनिटांत देऊन टाकला," ते म्हणत. "एकदा फिल्म सगळ्या गावांत गेली की स्टेजवर तेच बघायला कोण येणार? त्यांना हे माहीत नसेल काय? तरी उभे राहिले."

जोडीतल्या कुठल्या माणसाकडे पाहायचं, यावरही त्यांचं ठाम मत होतं. लोक उत्तर देणाऱ्याला हसतात आणि त्याचंच नाव लक्षात ठेवतात. मुकादम विचारणाऱ्याकडे पाहत. "ह्याने प्रश्न अर्धा सेकंद लवकर टाकला तर त्याचा उत्तर मेला. उत्तराला जागा कोण करतो? हा करतो. आणि नाव त्याचा."

ते स्वतः विचारणारे होते. उत्तर देणारे होते पास्कल डाबरे.

डाबरे वसईचे. एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात कारकून. बुटके, गोल चेहऱ्याचे, आणि सतत बोलणारे. डाबरेंच्या लग्नाआधीची सहा वर्षं दोघं मुंतझ्याच्या त्याच खोलीत राहत होते. पुढे डाबरेंचं कुटुंब आलं आणि ते दोन गल्ल्या सोडून फ्लॅटमध्ये गेले, पण शुक्रवार सुटला नाही. बंदी असताना हसणारा खोलीत एकच माणूस असे, आणि तो डाबरे. मुकादम स्टॉपवॉच बंद करून त्यांच्याकडे पाहत. "पास्कू, बाहेर जाऊन हस. परत ये."

"अरे, माणसाला शिंक आली तर तू काय करशील?"

"शिंक पण बाहेर."

दोघांनी मिळून स्वतःचा एक प्रवेश बसवला. रचना त्या फिल्मसारखी, विषय इथला. विमानतळावरचा काउंटर. मुकादम काउंटरवरचे, डाबरे सुट्टीवर घरी निघालेला पॅसेंजर. मुकादम पासपोर्ट बघत आणि म्हणत, "फोटो तुमचा वाटत नाही." डाबरे म्हणत, "तेव्हा मी इथे आलो नव्हतो." मुकादम विचारत, "बॅग कोणी भरली?" उत्तर येई, "सगळ्यांनी." "यात काय आहे?" "कपडे." "कपड्यांचं एवढं वजन?" "मामाचे आहेत." "मग?" "मामा जाड आहेत." बॅग अकरा किलो जास्त भरे. मुकादम काहीतरी काढायला सांगत. डाबरे एकेक शर्ट काढून अंगावर चढवत, त्यावर दुसरा, त्यावर कोट, शेवटी हात खाली येईनासे होत. मुकादम काटा बघत. "आता बॅग बरोबर आहे. तुम्ही अकरा किलो जास्त आहात." प्रवेश सात मिनिटांचा होता.

पहिल्यांदा तो इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात झाला आणि पडला. मी तेव्हा दोह्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. वेळेचं भान असलेला माणूस म्हणून मंडळाने घंटा आणि घड्याळ माझ्याकडे दिलं होतं. प्रत्येक कार्यक्रमाला आठ मिनिटं. आठ झाली की घंटा. त्यामुळे काय बिघडलं ते मला नीट पाहता आलं. मुकादमांनी थांबे फिल्ममधून जसेच्या तसे उचलले होते. एका वाक्याला दोन सेकंद, दुसऱ्याला तीन. पण इथला हशा एकदम येत नाही. आधी आईबाप हसतात. मग मुलं विचारतात, "व्हॉट डिड ही से?" आईबाप ते इंग्रजीत सांगतात आणि मग मुलं हसतात. मुकादमांचा पुढचा प्रश्न दर वेळी नेमका या दोहोंच्या मध्ये पडत होता. मुलांच्या हशात डाबरेंची निम्मी उत्तरं बुडाली.

दुसऱ्या दिवशी मुकादमांचा फोन आला. मी तो प्रसंग कोणाला सांगेन का, असं विचारतील अशी माझी समजूत होती. त्यांनी विचारलं, "तुमच्या हातात घड्याळ होता. पोरं किती सेकंदांनी हसली?" मी अंदाजे चार-पाच म्हणालो. "अंदाजे नको," ते म्हणाले. पुढच्या वर्षी सगळे थांबे बदलले होते. प्रवेश साडेसात मिनिटांचा झाला. आणि सभागृहात दोनदा हशा आला, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. त्यानंतर तो प्रवेश दर वर्षी होत राहिला. लोकांना पाठ झाला तरी होत राहिला.

वर्कशॉपमध्ये ते वेगळे नव्हते. एका उन्हाळ्यात कामगारांची बस ओळीने तीन दिवस रोज उशिरा पोचली. मॅनेजरने सांगितलं, माणसं उतरली तीच त्यांची वेळ लिही. मुकादम दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी करून कामगारांच्या कॅम्पवर गेले, बसथांब्यावर उभ्या माणसांची वेळ तिथेच टिपली आणि रजिस्टरात लिहिलं, माणसं वेळेवर, बस उशिरा. मॅनेजरने बोलावलं.

"हे बदल."

"बदलतो, सर. खाली सही तुमची पाहिजे. मी लिहिलेलं मी खोडत नाय."

मॅनेजरने सही केली नाही. नोंद राहिली. हे मला वर्कशॉपमधल्या एका वेल्डरने सांगितलं आणि नंतर मुकादमांनीही, तपशील जुळतात. फरक एवढाच, की वेल्डरच्या सांगण्यात मुकादम ओरडतात. मुकादम ओरडले असतील असं मला वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी डाबरेंचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली, मग तपासण्या झाल्या, आणि मुंबईत त्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढावं लागलं. ते परत आले तेव्हा गळ्याला खाली एक छिद्र होतं, त्यावर पातळ रुमाल बांधलेला असे. डॉक्टरांनी हनुवटीखाली धरून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून सपाट, धातूसारखा आवाज येई. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी ते वापरलं आणि शेजारचं लहान मूल घाबरून रडलं. यंत्र कपाटात गेलं. हॉस्पिटलने नोकरी संपल्याचं कळवलं, घर आवरायला तीन महिने दिले. मंडळाचं संमेलन शुक्रवारी होतं आणि डाबरे पुढच्या गुरुवारी वसईला कायमचे निघणार होते.

मंडळाचे सेक्रेटरी पाटणकर चांगले गृहस्थ. त्यांनी सभेत ठराव मांडला, की या वर्षी डाबरेंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुकादम उठले.

"सत्कार नको. आमचा नंबर कितवा हाय ते सांगा."

पाटणकरांना वाटलं, मुकादमांनी नीट ऐकलं नाही. "मुकादमभाई, अहो, डाबरे बोलू शकत नाहीत."

"मला माहीत हाय. माझ्यासमोर उभा असतो तो."

"मग प्रवेश कसा होणार?"

"ते मी बघतो. आठ मिनिटं द्या."

पाटणकरांनी थोडा विचार करून तोडगा सुचवला. मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग मंडळाकडे होतं. त्यातून डाबरेंची उत्तरं काढायची, स्पीकरवर वाजवायची, डाबरेंनी फक्त ओठ हलवायचे. कोणाला कळणारही नाही. मुकादम हे ऐकताना उभेच होते.

"त्या जुन्या फिल्मांत कधी कधी आवाज वेगळ्या तबकडीवर असायचा," ते म्हणाले. "सुई घसरली की बाईच्या तोंडातून बाप्याचा आवाज यायचा. लोक खुर्च्या बडवायचे. पास्कूचा आवाज मागच्या वर्षीचा हाय. पास्कू या वर्षीचा हाय. दोघांना एका स्टेजवर मी उभा करणार नाय."

"मग तुम्हीच दोघांचं म्हणा. प्रश्न, उत्तर, दोन्ही."

"नाय."

"अहो, का?"

"कारण ते उत्तर त्याचा हाय."

सभा तिथे थांबली. पाटणकर मला नंतर म्हणाले, की मुकादमांना मित्रापेक्षा आठ मिनिटं मोठी वाटतात. हे मत सभेतल्या आणखी काहींचं होतं. मी तेव्हा त्याला विरोध केला नाही, कारण मला स्वतःला खात्री नव्हती. शेवटी कार्यक्रमपत्रिकेत दोन्ही छापलं गेलं. सातव्या क्रमांकावर काउंटरचा प्रवेश, आठव्यावर सत्कार. प्रवेश झाला नाही तर सत्कार तरी होईल, असा पाटणकरांचा हिशेब.

अडचण अशी होती, की खुद्द डाबरे तयार नव्हते. ते खोलीतून बाहेर येत नव्हते. पुढचं मला त्यांच्या मुलीने, शेरिलने सांगितलं. ती इथेच वाढली, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. मुकादम रोज वर्कशॉपमधून सुटून थेट त्यांच्याकडे येत, बरोबर साडेपाचला. ती दार उघडून म्हणे, "अंकल, ही सेज नो." मुकादम म्हणत, "बरा," आणि आत येऊन बेडरूमच्या बंद दारासमोर खुर्ची घेऊन बसत. डाबरेंनी पहिल्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी सरकवली. तीत एकच शब्द होता, खलास. मुकादमांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि दाराकडे पाहून काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, "पासपोर्ट."

दार उघडलं नाही. ते दहा मिनिटं बसले, चहा प्याले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. "पासपोर्ट." तिसऱ्या दिवशी डाबरेंच्या बायकोने त्यांना हात जोडले. "भाईजान, का त्रास देता त्यांना? राहू द्या ना आता. एवढं सोसलंय त्यांनी."

"वहिनी, त्याला नको असेल तर तो बाहेर येऊन मला हाकलेल. तेवढा त्याला येतो अजून," मुकादम म्हणाले.

पाचव्या दिवशी दाराखालून पासपोर्ट आला. खराखुरा, निळ्या कव्हरचा. मुकादमांनी तो उचलला, चष्मा लावला, फोटोचं पान काढून बराच वेळ पाहिलं. शेरिल म्हणते, तिला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, "फोटो तुमचा वाटत नाही."

दार उघडलं. डाबरे दारात उभे होते, दाढी वाढलेली, गळ्याला रुमाल. त्यांनी पासपोर्ट हिसकावून घेतला, तो आपल्या गालाशी धरला आणि मुकादमांकडे असं पाहिलं, की शेरिलला हसू फुटलं. मुकादमांनी तिच्याकडे वळून सांगितलं, "बेटा, बाहेर जाऊन हस. मी मोजतोय."

संमेलन एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी चारला सुरू झालं. हॉल भरला होता. सातव्या क्रमांकाची घोषणा झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या प्रवेशासाठी नव्हत्या. डाबरे बॅग ओढत आले आणि पहिल्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी घड्याळ सुरू केलं. मुकादम काउंटरमागे उभे होते. त्यांनी सभागृहाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पासपोर्ट."

डाबरेंनी दिला.

"फोटो तुमचा वाटत नाही."

आणि मुकादम थांबले. डाबरेंचं उत्तर पूर्वी जेवढा वेळ घेई, तेवढा वेळ. मग तिसऱ्या रांगेतून एका माणसाने मोठ्याने, प्रेमाने उत्तर दिलं, "तेव्हा मी इथे आलो नव्हतो." त्याच्या मागून आणखी चार-पाच आवाज आले. लोकांना उत्तरं पाठ होती आणि ती आता सगळ्यांनी मिळून द्यायची, असं हॉलने त्या क्षणी ठरवलं. दुसरा कोणी असता तर त्याने हात जोडून ते स्वीकारलं असतं. मुकादमांनी मान वळवली. काउंटरवरच्या माणसाला गर्दीचा येतो तो कंटाळा त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"मागच्या पॅसेंजरनी लाइनीत उभं राहायचं," ते म्हणाले. "तुमचा नंबर आला की तुमचा फोटो बघतो. आता मी यांच्याशी बोलतोय."

मुकादम डाबरेंकडे वळले आणि तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारला.

डाबरेंनी पासपोर्ट परत घेतला. फोटो पाहिला. हॉलकडे पाहिलं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एकेका चेहऱ्यावर थांबत, जणू त्या फोटोतला माणूस या लोकांत कुठे हरवला आहे. सापडला नाही. त्यांनी खांदे उडवले आणि पासपोर्ट बंद केला. कुठूनतरी मागून एक हसू आलं. मग बरीच आली. मुकादम थांबले. मुलं हसेपर्यंत थांबले. या वेळी मुलांना काही विचारावं लागलं नव्हतं, ती मोठ्यांच्या बरोबरीनेच हसत होती. पण मुकादम सवयीने थांबले, आणि त्या जास्तीच्या थांब्यात डाबरेंनी आणखी एकदा पासपोर्ट उघडून पाहिला. पुन्हा हशा.

"बॅग कोणी भरली?"

डाबरेंनी हॉलकडे बोट केलं आणि ते रांगारांगांतून फिरवलं.

"कपड्यांचं एवढं वजन?"

त्यांनी दोन्ही हातांनी मामाचं पोट काढलं, ते स्टेजच्या कडेपर्यंत गेलं. मुकादम शांतपणे त्या पोटाला वळसा घालून परत काउंटरमागे आले. हे नवीन होतं. आठ मिनिटं पुरी झाली आणि मी नियमाप्रमाणे घंटा वाजवली. मुकादमांनी कान टवकारले.

"अनाउन्समेंट झाली," ते डाबरेंना म्हणाले. "फ्लाइट लेट आहे. घाई करू नका."

डाबरे कपडे चढवू लागले. पहिला शर्ट, दुसरा, तिसरा, कोट. मुकादम काटा बघत आणि मान हलवत. बॅग रिकामी झाली. मुकादमांनी शेवटच्या वाक्यासाठी तोंड उघडलं, आणि डाबरेंनी हात वर करून त्यांना थांबवलं. स्टेजच्या उजव्या बाजूला टेबल होतं; त्यावर आठव्या क्रमांकाची शाल आणि नारळ तबकात मांडून ठेवले होते. डाबरे फुगलेल्या हातांनी डुलत तिथे गेले. शाल उचलली, उलटसुलट पाहिली, चार कपड्यांवरून स्वतःच पांघरली. नारळ कोटाच्या खिशात कोंबला. परत येऊन काट्यासमोर उभे राहिले.

मुकादमांना हे ठाऊक नव्हतं. मी बाजूलाच होतो आणि त्यांचा चेहरा पाहिला. सत्तावीस वर्षं रजिस्टर लिहिणाऱ्या माणसासमोर न लिहिलेलं काही आलं होतं. तीन सेकंद त्यांनी काही केलं नाही. मग विचारलं, "ही शाल कोणाची?"

डाबरेंनी पहिल्या रांगेतल्या पाटणकरांकडे बोट केलं.

"नारळ?"

पुन्हा पाटणकर.

मुकादमांनी पाटणकरांकडे पाहिलं. "साहेब, दुसऱ्याचं सामान घेऊन जाऊ नका, असं काउंटरवर लिहिलेलं आहे. यांना दुसऱ्याचं सामान दिलं कोणी?"

पाटणकर हसत होते. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, पकडले गेल्यासारखे. हशा इतका वेळ टिकला, की मुकादमांना शेवटचं वाक्य दोनदा सुरू करून थांबवावं लागलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता बॅग बरोबर आहे. तुम्ही जास्त आहात." किलो त्यांनी सांगितले नाहीत. प्रवेश अकरा मिनिटं वीस सेकंदांचा झाला. आठवा क्रमांक पाटणकरांनी स्वतःच रद्द केला.

मी त्यानंतर महिन्याभरात बदली होऊन दोहा सोडलं, आणि पुढच्या वर्षी मुकादमही निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते संमेलनाच्याच संध्याकाळी. शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये उन्हं उतरली होती, लोक गाड्यांत बसत होते. डाबरेंची बायको आणि शेरिल गाडीत बसून वाट पाहत होत्या. गाडीचं पुढचं दार उघडं होतं आणि बाहेर दोघांचं भांडण चाललं होतं.

"ठरलेला नव्हता," मुकादम म्हणत होते. "सांगायचा तरी. मी शेवटचा वाक्य घेऊन उभा होतो तिथे, दगडासारखा."

डाबरे मोबाइलवर टाइप करत होते, दोन्ही अंगठ्यांनी, रागाने. त्यांनी स्क्रीन मुकादमांच्या नाकासमोर धरली. मुकादमांचा चष्मा खिशात होता. त्यांनी फोन हातभर लांब नेऊन वाचला.

"हसले, हसले. मी कुठे नाय बोलतो? पण नारळ नको होता. शाल पुरे होती. नारळाने तुझा खिसा लोंबला, लोक खिशाकडे बघायला लागले. चेहऱ्याकडे कोण बघणार?"

डाबरेंनी पुन्हा टाइप केलं. या वेळी बरंच. मुकादम वाचत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी फोन परत दिला.

"मामाचा पोट लांब झाला, ते मला मान्य," ते म्हणाले. "मी वळसा घातला म्हणून वाचलास."

डाबरेंनी हात झटकला. सुरक्षारक्षक येऊन गाडी काढायला सांगू लागला. दोघांपैकी कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेरिलने आतून घाई करत हाक मारली, "डॅड, यल्ला." मुकादमांनी उघड्या दारावर हात ठेवला, डाबरेंना आत बसू दिलं नाही.

"उद्या येतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून करू. शाल कुठे घ्यायची ते बसवू."

पुढे कुठलाही कार्यक्रम नव्हता. डाबरे गुरुवारी निघणार होते, आणि मंडळाचं पुढचं संमेलन वर्षानंतर होतं. डाबरेंनी मुकादमांकडे पाहिलं, खाली मान घालून एक ओळ टाइप केली आणि दाखवली. मुकादमांनी फोन लांब धरून ती वाचली.

"सहा नाय," ते म्हणाले. "साडेपाच."